पामतेलाच्या झाडाची नक्कल : एका वांझ घडाचा इतिहास

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं आणि मे २०२५ संपता संपता ते परत १० टक्क्यांवर आणलं. लातूर-वाशिमच्या सोयाबीनवाल्यांनी त्यावर जे बोलायचं ते बोलून झालंय, त्यात मी भर घालत नाही. पण ही चर्चा निघाली की कोणीतरी हमखास म्हणतं, "आपणच पाम लावू ना. आता टिश्यूकल्चर आहे, एकसारखी रोपं मिळतील, केळीसारखी." या वाक्याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि आपल्याकडे तो फारसा कोणी सांगत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी केळीचं. महाराष्ट्रात टिश्यूकल्चर म्हटलं की डोळ्यांसमोर जळगाव येतं आणि ग्रँड नैनची एका उंचीची, एकाच वेळी निसवणारी बाग येते. ते यश खरं आहे. पण ते एवढं सहज का मिळालं हे पाहिलं पाहिजे. केळीला बी धरत नाही, तिला कंदापासून मुनवे फुटतात. प्रत्येक मुनवा म्हणजे आईची नक्कलच. आपल्या पणज्यांनी लावलेली केळीसुद्धा त्या अर्थाने क्लोनच होती. प्रयोगशाळेत काय करतात, तर मुनव्याचा वाढता कोंब घेतात आणि बाटलीत त्याला कोंबावर कोंब फुटायला लावतात. म्हणजे झाड जे स्वतःहून करतंच, तेच जास्त वेगाने आणि रोगमुक्त करून घेतात.

पामतेलाचं झाड यातलं काहीच करत नाही. त्याला एकच खोड आणि एकच शेंडा. मुनवा नाही, फांदी नाही, कलम नाही, छाटकलम तर नाहीच. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, माडाचं आणि पोफळीचं तेच आहे. शेंडा गेला की झाड गेलं. मग वाढवायचं कसं? फक्त बियांपासून. आणि बी म्हटलं की भावंडं आली. एकाच आईबापाची चार मुलं जशी चार तऱ्हेची, तशी एकाच घडातल्या बियांची झाडं. एक झाड भरभरून देतं, शेजारचं निम्मंच.

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. १८४८ मध्ये जावा बेटावरच्या बाउटेनझोर्ग, म्हणजे आजच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात त्याची फक्त चार रोपं लावली गेली. आग्नेय आशियातल्या मळ्यांचा मोठा भाग या चार रोपांच्या वंशावर उभा राहिला. मलायात पहिला व्यापारी मळा १९१७ साली सेलांगोरमध्ये लावला तो आंरी फोकोनिए या फ्रेंच माणसाने. (हाच गृहस्थ पुढे कादंबरीकार झाला आणि १९३० साली त्याला फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार मिळाला. पामतेलाच्या इतिहासात असे नग बरेच आहेत.) तिकडे बेल्जियन काँगोत साबणवाले लॉर्ड लिव्हर यांच्या कंपनीला १९११ मध्ये प्रचंड मोठा मुलूख मिळाला, तिथे सक्तीच्या मजुरीवर पामफळं गोळा केली गेली. तो वेगळा आणि जास्त काळा अध्याय आहे. पण याच काँगोतल्या यांगांबी संशोधन केंद्रात बेर्नार्ट आणि व्हांडरवेयन या दोघांनी १९४१ साली जे दाखवून दिलं, त्यावर आजचा सगळा धंदा उभा आहे.

त्यांचा शोध तसा साधा होता. पामच्या फळात मध्ये करवंटी असते आणि बाहेर तेलाचा गर. 'ड्युरा' जातीची करवंटी जाड, म्हणून गर कमी. 'पिसिफेरा'ला करवंटीच नाही, पण तिचे घड बहुतेक वेळा भरतच नाहीत. या दोघांचा संकर केला की सगळीच्या सगळी रोपं 'टेनेरा' होतात, पातळ करवंटीची आणि ड्युरापेक्षा साधारण तीस टक्के जास्त तेल देणारी. एका जनुकाचा खेळ. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मळेवाले ड्युरा सोडून टेनेराकडे वळले.

पण टेनेराच्या मळ्यातही झाडाझाडांत फरक राहिलाच. हेक्टरी साधारण १४३ झाडं. त्यातली दहा-बारा अशी की त्यांच्याकडे बघून मळेवाल्याच्या पोटात कालवाकालव व्हावी. सगळी झाडं अशी असती तर! आणि पाम काही भुईमूग नव्हे, की यंदा बियाणं चुकलं तर पुढच्या जूनला बदलू. एकदा लावलं की पंचवीस वर्षं. निवडीची चूक पंचवीस वर्षं समोर उभी राहते.

इथे प्रयोगशाळा आली. १९०२ साली हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडलं होतं की वनस्पतीच्या एकेका पेशीत अख्खं झाड व्हायची ताकद असली पाहिजे. त्याला स्वतःला ते करून दाखवता आलं नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत स्टुअर्डने गाजराच्या पेशींपासून पूर्ण गाजर उभं केलं आणि मग प्रत्येक पिकाच्या मागे कोणी ना कोणी लागलं. पामच्या मागे दोघं लागले. इंग्लंडमध्ये युनिलिव्हरच्या कोलवर्थ प्रयोगशाळेत एल. एच. जोन्स, आणि फ्रान्समध्ये ऑर्स्टॉम या सरकारी संस्थेतले राबेशो आणि मार्तां. जोन्सचा निबंध १९७४ चा, फ्रेंचांचा १९७६ चा. एकाने मुळांची टोकं घेतली, दुसऱ्यांनी शेंड्याच्या गाभ्यातली न उमललेली, पांढरी पानं.

कृती सांगतो, कारण पुढचा घोटाळा त्या कृतीतच आहे. पानाचा नखाएवढा तुकडा निर्जंतुक करून पोषकद्रव्याच्या जेलीवर ठेवायचा. त्यात ऑक्झिन हे संप्रेरक भरपूर घालायचं. काही महिन्यांनी कापलेल्या कडेला पेशींचा एक बेढब गोळा तयार होतो, त्याला कॅलस म्हणतात. म्हणजे पानाची पेशी 'मी पान आहे' हे विसरते. सगळे तुकडे हे करत नाहीत. ज्यांना गोळा येतो त्यातल्याही थोड्याच गोळ्यांना पुढे भ्रूण फुटतात, बी नसलेले भ्रूण. एकदा फुटले की मात्र ते वाढतच राहतात. तोडून नव्या बाटलीत टाका, परत वाढतात. एका पानातून हजारो रोपं. सुरुवातीच्या तुकड्यापासून बाटलीतलं रोप हातात यायला दोन-तीन वर्षं, मग रोपवाटिकेत वर्षभर.

केळीशी फरक लक्षात आला? केळीत कोंबातून कोंब काढतात. पाममध्ये पेशीची ओळख पुसून नव्याने लिहावी लागते.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मलेशियात पहिली क्लोन झाडं जमिनीत गेली. वाढली छान. हिशेब मांडले जात होते की उत्पादन वीस ते तीस टक्के वाढेल. मलेशियाच्या दृष्टीने याचा अर्थ एक झाडही न तोडता तेवढं जास्त तेल. युनिलिव्हर होतीच, फ्रेंचांनी आयव्हरी कोस्टमध्ये ला मे इथे काम सुरू केलं, मोठ्या मळेकंपन्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळा बांधल्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ही पामची दुसरी क्रांती मानली जात होती.

मग झाडं फुलावर आली.

पामच्या मादी फुलात पुंकेसर असतात, पण नावालाच, खुरटलेले. काही क्लोन झाडांवर हे खुरटलेले पुंकेसर स्त्रीकेसरांसारखे वाढू लागले. फळाभोवती मांसल पाकळ्यांचं वेटोळं, जणू फळाने घोंगडी पांघरलीय. इंग्रजीत 'मँटल' म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, म्हणून या विकृतीला 'मँटल्ड' नाव पडलं. प्रकार सौम्य असेल तर फळ थोडं वेडंवाकडं, थोडंफार तेल मिळतं. तीव्र असेल तर फळ धरतच नाही, अख्खा घड झाडावर सडतो. कॉर्ली आणि त्यांच्या युनिलिव्हरमधल्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे जाहीरपणे लिहिलं. एका कंपनीने स्वतःच्याच तंत्राची अडचण छापून टाकणं ही तेव्हाही रोजची गोष्ट नव्हती, ते श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

फ्रेंचांच्या नोंदीत सरासरी प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. ऐकायला कमी वाटतं. पण ही सरासरी फसवी. काही क्लोनमध्ये एकही झाड बिघडलेलं नाही, काहींत जवळजवळ सगळीच. एकाच आईची, एकाच बाटलीतून निघालेली दोन रोपं, एक नीट, एक वांझ. वर काही वांझ झाडं चार-सहा वर्षांनी आपोआप सुधारायची, काही कधीच नाही. आनुवंशिक रोग असा वागत नाही, विषाणू असा वागत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रोपवाटिकेत काही म्हणजे काही कळायचं नाही. पान तेच, उंची तीच, रंग तोच. कळायचं ते लावणीनंतर दोन-तीन वर्षांनी, फुलल्यावर. तोवर खत, पाणी, मजुरी, सगळं घालून झालेलं. पानाचा तुकडा कापल्यापासून मोजलं तर चूक समजायला सहा-सात वर्षं.

मोठ्या कंपनीचं ठीक आहे. तिच्याकडे हजारो हेक्टर, त्यातला एक तुकडा प्रयोगाचा. तो बुडाला तर ताळेबंदात एक ओळ वाढते. दोन एकरवाल्याच्या शेतात क्लोनचा वाईट लॉट गेला असता तर काय झालं असतं याचा विचार करा.

दुसरी एक अडचण कमी गाजली, पण माझ्या मते ती जास्त शिकण्यासारखी आहे. मळ्यातलं जे झाड सगळ्यात जास्त देतंय ते रक्ताने चांगलं आहे की जागेने? पाटाच्या कडेचं झाड असेल, शेजारचं मेल्यामुळे ऊन जास्त मिळालं असेल. आपल्याकडेही बांधावरचा आंबा उगाच जोरात असतो. अशा झाडाच्या दहा हजार नकला काढल्या तर दहा हजार साधारण झाडं मिळतात, कारण पाटाची नक्कल बाटलीत होत नाही. फळं बिघडली नाहीत तरीही बरेच क्लोन चांगल्या बियाण्यापेक्षा फार सरस ठरले नाहीत, त्यामागचं मोठं कारण हे.

याच काळात एक मजेदार गोष्ट घडली. मलायातल्या पामवर फळं नीट धरत नसत आणि मळ्यांत मजूर लावून हाताने परागीकरण करावं लागे. समज असा की पामचे पराग वाऱ्याने जातात. युनिलिव्हरचे लेस्ली डेव्हिडसन आधी कॅमेरूनला काम करून आलेले, त्यांनी तिथे फुलांवर किडे पाहिले होते. त्यांच्या आग्रहाने रहमान सईद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाला तिकडे पाठवलं गेलं. त्यांनी एक इवलासा सोंड असलेला भुंगा शोधून काढला, तपासण्या करून तो आणला आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये जोहोर राज्यातल्या क्लुआंगच्या मळ्यावर सोडला. बघता बघता तो देशभर पसरला, फळधारणा वाढली आणि हाताने परागीकरण करायचं कामच संपलं. ज्या कंपनीची प्रयोगशाळा झाडाची नक्कल काढताना अडखळत होती, तिलाच एका भुंग्याने मालामाल केलं.

असो. १९८६ नंतर प्रयोगशाळा बंद पडल्या असं नाही, पण उत्साह ओसरला. एका गोळ्यातून हजारो रोपं काढायची नाहीत, मोजकीच काढायची. गोळा जास्त वर्षं बाटलीत ठेवायचा नाही. संप्रेरक बेताने वापरायचं. आधी थोडी झाडं लावायची, फुलू द्यायची, मगच त्या वंशाची जास्त रोपं काढायची. म्हणजे ज्या वेगासाठी हे सगळं चाललं होतं तो वेगच सोडून द्यायचा. आजही जगातला बहुतांश पाम बियांपासूनच लावला जातो.

कारण सापडायला जवळजवळ तीस वर्षं गेली. सप्टेंबर २०१५ मध्ये मलेशियाच्या पाम तेल मंडळाच्या मैलिना ओंग-अब्दुल्ला आणि अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेचे रॉब मार्टिनसेन यांच्या चमूने 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध केलं. फुलातले अवयव ठरवणारं एक जनुक आहे. त्याच्या पोटात, जनुकातल्या एका निरुपयोगी वाटणाऱ्या भागात, एक 'उडतं' जनुक बसलेलं आहे. निरोगी झाडात या उडत्या जनुकावर रासायनिक खुणांचा शिक्का असतो, त्यामुळे ते गप्प असतं. बाटलीतल्या त्या ओळख-पुसणीत काही पेशींमध्ये हा शिक्का निघून जातो आणि शेजारच्या जनुकाचा संदेश भलतीकडे तुटतो. डीएनएमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं. सातबाऱ्यावर नाव तेच, गट नंबर तोच, फक्त इतर हक्कातली एक नोंद पुसली गेलेली. शिक्का पुन्हा बसला की झाड सुधारतं, म्हणून ते आपोआप बरं होणं.

आणि त्या उडत्या जनुकाचं नाव काय, तर 'कर्मा'. हे नाव आधी भातातल्या तशाच जनुकाला दिलं गेलं होतं, ते इथे चिकटलं. शिक्का शाबूत असेल तर शास्त्रज्ञ त्याला 'गुड कर्मा' म्हणतात आणि निघाला असेल तर 'बॅड कर्मा'. आपल्याला वेगळं भाषांतर करायला नको. महत्त्वाचं हे की आता रोपाच्या पानाचा तुकडा तपासून, लावण्याआधीच, कोणतं रोप वांझ निघण्याची शक्यता आहे हे सांगता येऊ शकतं.

टिश्यूकल्चरला झोडपायला ही पोस्ट लिहिलेली नाही. बाटलीत पेशी बदलतात, या बदलाला १९८१ मध्ये लार्किन आणि स्काऊक्रॉफ्ट यांनी 'सोमाक्लोनल' बदल असं नाव दिलं. आणि भारतात याच बदलाने एक चांगलं तेलबियांचं वाण दिलंय. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. व्ही. एल. चोप्रा यांच्या चमूने 'वरुणा' या मोहरीच्या वाणापासून पेशींच्या गोळ्यातून रोपं केली, त्यातली वेगळी निघालेली निवडली आणि त्यातून 'पुसा जय किसान' आलं. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात ते शेतकऱ्यांकडे गेलं. (हे जीएम नव्हे. बाहेरचं जनुक यात घातलेलं नाही. जीएम मोहरीचा जो वाद सुप्रीम कोर्टात आहे तो वेगळ्या वाणाचा.) तीच करामत मोहरीत वरदान आणि पाममध्ये शाप, असं का? मोहरी एका हंगामाचं पीक. शंभर विचित्र रोपांतली नव्व्याण्णव फेकता येतात, उरलेल्या एकाचं बी वाढवून चार-पाच हंगाम तपासता येतं. तिथे फरक हवाच होता. पाममध्ये नक्कल हवी होती आणि फेकायची संधी सहा वर्षांनी येत होती.

आता आपल्याकडे. योगायोग बघा, कॉर्लींचा निबंध आला त्याच १९८६ साली भारतात तेलबिया तंत्रज्ञान मिशन सुरू झालं. १९८८ मध्ये चढ्ढा समितीने पामसाठी योग्य जमिनी कोणत्या ते सांगितलं. जैवतंत्रज्ञान विभागाने आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात प्रात्यक्षिक लागवडी काढल्या, आपल्याकडे सिंधुदुर्गात. आंध्रात पीक रुजलं, आपल्याकडे फारसं नाही. मग ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटींचं पाम मिशन मंजूर केलं, साडेसहा लाख हेक्टर नवी लागवड, त्यातली निम्मी ईशान्येत. रोपांसाठीचं अनुदान हेक्टरी १२ हजारांवरून २९ हजारांवर नेलं. एवढी रोपं देशात तयार होत नाहीत, म्हणून अंकुरलेलं बी परदेशांतून येतं. आंध्रातल्या पेदवेगीला आपली स्वतःची पाम संशोधन संस्था आहे, तिच्याकडे मातृवृक्ष आहेत, पण गरज त्याहून खूप मोठी आहे. अशा टंचाईत क्लोनचा आग्रह पुन्हा होणार, आणि व्हायलाही हरकत नाही. 'कर्मा'ची चाचणी हाताशी असताना आजचा क्लोन १९८० च्या क्लोनपेक्षा नक्कीच भरवशाचा असू शकतो.

पण मिशनमधली भावाची हमी कशी आहे पाहा. शेतकऱ्याला मिळणारा आधारभाव कच्च्या पामतेलाच्या पाच वर्षांच्या सरासरी किमतीच्या १४.३ टक्के धरून ठरतो. भाव पडला तर फरक सरकार देतं, ही चांगलीच तरतूद आहे. मात्र तो भाव फळाला आहे. झाडाला फळच धरलं नाही, तर शून्य गुणिले काहीही शून्यच. भावाची जोखीम सरकारने उचलली, रोपाची जोखीम शेतकऱ्याच्या अंगावर राहिली. शिवाय या हमीची मुदत १ नोव्हेंबर २०३७ पर्यंत आहे. २०२६ मध्ये लावलेलं झाड तेव्हा अकरा वर्षांचं, ऐन भरात असेल आणि त्याची चौदा वर्षं उरलेली असतील.

म्हणून कोणी 'टिश्यूकल्चर पाम' घेऊन दारात आलं तर विचारायच्या गोष्टी केळीपेक्षा वेगळ्या आहेत. हा क्लोन कोणत्या झाडाचा, आणि त्या झाडाची मुलं दुसऱ्या जमिनीत तपासली आहेत का? याच वंशाची झाडं कुठे फळावर आलेली बघायला मिळतील? रोपवाटिका नको, फळावर आलेली झाडं दाखवा म्हणायचं. पानाची चाचणी झाली असेल तर कागद द्या. आणि चौथ्या वर्षी घड वांझ निघाले तर भरपाई कोण देणार, हे पावतीवर लिहून द्या.

आंध्र-तेलंगणात किंवा सिंधुदुर्ग-गोव्याकडे ज्यांच्या घरी पाम आहे असे कोणी वाचत असतील तर जरूर लिहा. रोपं कुठून आली होती, किती वर्षांची झाडं आहेत, आणि एकरात किती झाडं नुसतीच उभी आहेत.